आधी कीड ओळखा, मग बाटली उघडा : घरासाठी आणि कुंड्यांसाठी

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. गच्चीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसायला लागले. हा पिठ्या ढेकूण, एवढं मला कळत होतं. पण त्या पुंजक्यांमधून काही मोठ्या, झिपऱ्या, पांढऱ्या अळ्याही लगबगीने फिरत होत्या. त्या पाहून वाटलं, कीड आता हाताबाहेर गेली. दुकानातून जालीम औषध आणलं आणि झाड न्हाऊन निघेल इतकं मारलं. दोन दिवसांत झिपऱ्या अळ्या एकूण एक मेल्या. पिठ्या ढेकूण मात्र पंधरवड्यात परत आला आणि या वेळी शेजारच्या पेरूवरही चढला. नाशिककडे द्राक्षबाग असलेल्या एका स्नेह्यांना आधी काढलेले फोटो पाठवले, तर त्यांचा लगेच फोन आला, "अहो, त्या क्रिप्टोलिमसच्या अळ्या होत्या! आम्ही पैसे मोजून आणतो आणि बागेत सोडतो."

क्रिप्टोलिमस हा ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) कुळातला भुंगेरा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला. त्याची अळी दिसते पिठ्या ढेकणासारखीच, पण जगते ती पिठ्या ढेकूण खाऊन. नीट पाहिलं तर फरक कळतो. अळी अंगाने मोठी, मेणाचे धागे लांब, आणि ती झपाझप चालते. पिठ्या ढेकूण बहुतेक वेळ एका जागी चिकटून बसलेला असतो. म्हणजे मी चोर सोडून राखणदार मारले होते.

तेव्हापासून कीड ओळखल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही. ज्यांनी नुकतंच घर मांडलं आहे, किंवा ज्यांच्या खिडकीत पहिल्या चार कुंड्या आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम : रात्रीची फेरी

रात्री अकरानंतर, दिवे मालवून तासभर झाला की टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जा. सिंकखालचं कपाट, फ्रिजच्या मागची गरम जागा, सिलिंडरचा कोपरा, ट्रॉलीच्या बिजागऱ्या, मिक्सरच्या बुडाची खाच. दिवसा कीड लपून बसते, पण खुणा मागे ठेवते. त्या खुणा वाचता आल्या की अर्धं काम झालं.

कपाटाच्या कोपऱ्यात मिरपुडीसारखे काळे कण सांडलेले असतील तर ती झुरळांची विष्ठा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या काळ्या लेंड्या असतील तर उंदीर. पण लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, घाबरायचं कारण नाही. लाकडी कपाटाखाली टाल्कम पावडरसारखा मऊ भुसा पडत असेल तर घुणकिडा. तोच भुसा रव्यासारखा दाणेदार असेल तर लाकडाच्या आतच राहणारी कोरडी वाळवी. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर जमिनीतून येणारी वाळवी. गादीच्या शिवणीत शाई सांडल्यासारखे ठिपके म्हणजे ढेकूण. जुन्या पुस्तकांच्या आणि कपड्यांच्या घड्यांत चंदेरी, तुरुतुरु पळणारी ती कसर. कुंडीतल्या झाडाची पानं बोटाला चिकट लागली तर रस शोषणारी कीड वर कुठेतरी बसली आहे.

जे दिसेल त्याचा मोबाइलवर जवळून फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. पुढे औषध लागू पडलं की नाही, हे याच नोंदीवरून कळतं.

पाल, कोळी, पावसाळ्यात जिन्यात दिसणारी वाणी आणि कुंडीतलं गांडूळ यांना हात लावू नका. पाल आणि कोळी तर आपलंच काम करत असतात. गोम मात्र चावते. तिला चिमट्याने किंवा सुपलीने बाहेर काढा.

झुरळं : आपलं झुरळ कोणतं?

आपल्याकडे घरात मुख्यतः दोन झुरळं येतात, आणि दोघांचा उपाय वेगळा आहे.

मोठं, तांबूस तपकिरी, दीडेक इंचाचं ते अमेरिकन झुरळ. ते गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये राहतं आणि मोरीतून, बाथरूमच्या जाळीतून वर येतं. याच्यासाठी घरभर औषध मारून उपयोग नाही, वाट बंद करायला हवी. मोरीला बारीक छिद्रांची जाळी बसवा, सिंकखालचा पाइप जिथे जमिनीत जातो तिथली फट सिमेंटने भरा. क्वचित वापरातल्या बाथरूमच्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलं की गटारातून वर यायला रस्ता मोकळा होतो. सोसायटीच्या चेंबरची फवारणी सर्वांनी मिळून करून घ्या.

लहान, अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी आणि डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. हे घरातच जन्मतं आणि घरातच वाढतं. भाजीच्या क्रेटमधून, किराणाच्या खोक्यातून, जुन्या मायक्रोवेव्हमधून येतं. मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते आणि पिल्लं निघायची वेळ आली की ती टाकते. स्प्रे मारला तर समोरची दहा मरतात आणि बाकीची आणखी आतल्या फटीत पांगतात. याला जेलच हवं.

जेल लावायचा क्रम असा :

१. आधी दोन दिवस ओटा, शेगडीखालची तेलकट जागा आणि ट्रॉली घासून काढा. दुसरं खायला असेल तर झुरळ जेलकडे फिरकत नाही.

२. रात्री भांडी सिंकमध्ये ठेवू नका, कचऱ्याचा डबा झाकून ठेवा, आणि सिंक कोरडं पुसून झोपा. पाण्यावाचून हे झुरळ फार दिवस काढत नाही, म्हणून गळका नळ आधी दुरुस्त करा.

३. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलं जेल घ्या. मसुरीच्या दाण्याएवढे थेंब बिजागऱ्यांमध्ये, ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यांत, फ्रिजच्या मागे लावा. चार मोठे गोळे ठेवण्यापेक्षा चाळीस बारीक थेंब कितीतरी चांगले.

४. त्या जागी फिनेल, स्प्रे, खडू काहीही लावू नका. वास आला की झुरळ जेल खात नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते.

५. आठ-दहा दिवस थांबा. जेल खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर खाऊन बाकीचीही मरतात.

६. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा लावा. पहिल्या वेळी अंड्यांत असलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात.

रांगणारं मूल किंवा कुत्रं-मांजर पोचेल अशा ठिकाणी थेंब नकोत.

मुंग्यांचं तत्त्व हेच. रांगेवर स्प्रे मारला तर वारूळ शाबूत राहतं. एक कप कोमट पाण्यात तीन चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर विरघळवा. त्यात कापसाचा बोळा भिजवून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी रांगेजवळ ठेवा. बोरिक जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून प्रमाण कमीच ठेवायचं. बोळ्याभोवती मुंग्यांची झुंबड उडेल. दोन-तीन दिवस तशीच राहू द्या.

डबे आणि साठवणीचं धान्य

चवळीचा डबा उघडून एक दाणा बोटावर घ्या आणि उजेडाकडे धरा. दाण्यावर सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल. नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. ते कडधान्यातल्या भुंगेऱ्याचं अंडं. अळी त्याच्या तळाशी दाण्याला भोक पाडून आत शिरते, आतच वाढते, आणि महिन्याभरात गोल झाकण कापल्यासारखं छिद्र पाडून भुंगेरा बाहेर येतो. म्हणून "काल तर डबा स्वच्छ होता" असं आपल्याला वाटतं. काल किडे दाण्याच्या आत होते.

मूग, मटकी, चवळी, हरभरा, अख्खी तूर यांत हा भुंगेरा येतो. गहू-तांदळात सोंडे होतात. पिठात आणि रव्यात बारीक, तांबडे किडे होतात. तांदळाच्या डब्यात दाणे एकमेकांना चिकटून जाळी धरली असेल तर ते पाखरांच्या अळ्यांचं काम.

आपल्या आज्यांची एप्रिल-मे मधली वाळवणं आणि साठवण शास्त्राला धरूनच होती. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते सांगतो.

ऊन घ्यायचं. कडक उन्हात पातळ पसरलेलं धान्य इतकं तापतं की आतल्या अळ्या मरतात आणि ओलही जाते. दाणा दाताखाली धरल्यावर कट्‌ आवाज होऊन तुटला पाहिजे. चेपला तर अजून एक ऊन हवं. धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं.

एरंडेल तेल घ्यायचं. किलोभर कडधान्याला साधारण एक चहाचा चमचा तेल दोन्ही हातांनी चोळून लावा. तेलाचा थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही आणि मादीलाही दाण्यावर अंडी चिकटवता येत नाहीत. आणि अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळ करून ठेवली तर भुंगेऱ्याचा त्रास पुष्कळच कमी होतो.

फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर डीप फ्रीझर आहे. एक-दोन किलोच्या पिशव्या घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे धान्यावर दव धरत नाही.

पाऱ्याच्या गोळ्या सोडून द्यायच्या. पारा अन्नाजवळ नकोच. बोरिक पावडर चोळलेलं धान्य कितीही धुतलं तरी पोटात थोडी जातेच, तीही नको. आणि गव्हाच्या कोठीत ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी आपुलकीने आणून दिल्या तरी घरात घेऊ नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात आणि त्यावर उतारा नाही. सरकारने हे औषध सरकारी तज्ज्ञ आणि प्रशिक्षित पेस्ट कंट्रोलवाले यांच्यापुरतंच ठेवलं आहे, ते याच कारणासाठी.

डास : आठवड्यातला एक कोरडा दिवस

पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि दिवसा चावणारा तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याच्याकडून. हा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. संध्याकाळनंतर कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स गटाराच्या घाण पाण्यातला. मलेरिया देणारा ॲनॉफिलिस मुंबईसारख्या शहरात इमारतींवरच्या उघड्या टाक्यांत आणि विहिरींत अंडी घालतो.

एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून भांडं आतून काथ्याने घासायचं.

रविवारी सकाळी हे पाहा : कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा पाणी साचणारा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, गच्चीतले टायर आणि रिकामे डबे. टाकीचं झाकण घट्ट आहे ना तेही बघा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. अनेक नगरपालिका ते फुकट देतात. मात्र ओढ्यात, तळ्यात ते सोडू नका, तिथल्या आपल्या माशांची पिल्लं ते खातात.

ढेकूण आणि वाळवी

ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ, असं मुळीच नाही. ते प्रवासाच्या बॅगेतून, लॉजमधून, वापरलेल्या सोफ्यातून येतात. लाज वाटून लोक लपवतात आणि तेवढ्यात ते दुसऱ्या खोलीत पोचतात. ढेकणाने रोग पसरत नाही, झोप मात्र पार जाते. चादरी, अभ्रे, पडदे खोलीतच पिशवीत बांधून न्या आणि अगदी गरम पाण्यात धुवा. पलंगाचे सांधे खोलून कढत पाणी ओता, गादीच्या शिवणी व्हॅक्यूमने ओढून घ्या. रॉकेल नको, आगीचा धोका आहे. आणि झोपायला दुसऱ्या खोलीत जाऊ नका, तुमच्याबरोबर तेही येतील. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं तर दोन फेऱ्या ठरवून घ्या, मध्ये दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवून. अंडी पहिल्या फेरीत बहुधा वाचतात.

वळवाच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. त्यांतला एक पकडून पाहा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर नाही, मिशा सरळ, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, कंबर चिमटलेली, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, तर ती मुंगी. बाहेरून एक-दोन आले तर हरकत नाही. पण घरातच, चौकटीतून किंवा फरशीच्या फटीतून ते निघत असतील तर वारूळ जवळ आहे.

भिंतीवर मातीची नळी दिसली तर सगळी झाडून टाकू नका. मधेच बोटभर तोडा आणि तीन-चार दिवसांनी पाहा. तेवढा भाग पुन्हा लिंपला गेला असेल तर वाळवी जिवंत आहे. हे काम घरच्या स्प्रेने होत नाही. जमिनीला छिद्रं पाडून भिंतीच्या पायात औषध सोडावं लागतं. त्याचं भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. बोलावलेल्या माणसाला "काम त्याप्रमाणे करणार का, औषध कोणतं, छिद्रांतलं अंतर किती, हमी किती वर्षांची?" असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. तोवर भिंतीला टेकलेली पुठ्ठ्याची खोकी हलवा आणि गळकी पाइपलाइन दुरुस्त करा. ओल तुटली की वाळवीचं निम्मं बळ जातं.

उंदरांबद्दल थोडक्यात. ज्या भोकात पेन्सिल जाते त्यातून घरातला लहान उंदीर जातो. भांडी घासायची तारेची घासणी त्यात कोंबून वर सिमेंट लावा. पिंजरा खोलीच्या मध्ये नको, भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. आमिष म्हणून भजी किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा उत्तम. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, ब्लीचच्या पाण्याचं फडकं घेऊन पुसा. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो तो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातूनच.

कुंड्यांकडे वळताना पान उलटं करा

नवखा माळी पानाच्या वर बघतो. कीड बहुतेक वेळा खाली असते. म्हणून रोज पाणी घालताना निदान दोन-तीन पानं उलटी करून पाहायची सवय लावा.

कोवळ्या शेंड्यांवर हिरवे किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे दाटीने बसले असतील तर मावा. झाड हलवल्यावर पांढरं काही भुर्रकन उडालं तर पांढरी माशी. मिरचीची पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे. पान मळकट, ठिपक्याठिपक्यांचं होऊन खाली बारीक जाळी धरली तर लाल कोळी. फुलकिडे आणि कोळी डोळ्यांनी दिसायला अवघड, म्हणून पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की उत्तर मिळालं. लिंबाच्या पानावर चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ ही नागअळीची. ती पानं खुडून टाका, पुरे.

झाडावर काळ्या मुंग्यांची सारखी ये-जा दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच, असं समजा. त्यांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. मुंग्या तो पितात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्या रोखल्या नाहीत तर बाकीची मेहनत वाया जाते. कुंडी विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या ताटलीत. ताटली मात्र रविवारच्या फेरीत घासायची.

पिठ्या ढेकणासाठी मी आता असं करतो. पहिल्या दिवशी कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवतो. फार लडबडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकतो, कंपोस्टमध्ये नाही. मग नळीला बोट लावून पाण्याचा जोरदार फवारा पानांखालून मारतो. नव्या प्रादुर्भावात एवढ्यानेच बरंच भागतं. उरलेले पुंजके सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपतो. स्पिरिटने वरचं मेण विरघळतं आणि खालचा गुलाबी किडा उघडा पडतो. संध्याकाळी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि पाव चमचा भांड्यांचा द्रवसाबण एकजीव करून फवारतो. आधी साबण पाण्यात, मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान करपत नाही ना हे बघायचं. दर पाच-सहा दिवसांनी असं तीनदा. अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित असतात, ती फुटतील तशी पिल्लं टिपावी लागतात. एकदा मारून सोडून दिलं तर काहीच केलं नाही असं धरा.

आणि यातलं काहीही करण्याआधी झाडावर ढालकिडे, त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या किंवा माझ्या त्या झिपऱ्या अळ्या आहेत का हे पाहा. असतील तर फवारा ठेवून द्या आणि दहा दिवस त्यांना काम करू द्या. त्यांची ताकद लहान समजू नका. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईम्बतूरला पहिल्यांदा आढळला, आणि पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओकाची शेतं पांढरी झाली. औषधांनी तो आवरेना. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे अगदी बारीक परजीवी कीटक आणून सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला.

युरियाचा हात आवरा. जास्त नत्राने झाड लुसलुशीत होतं आणि माव्याला तेच हवं असतं.

लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. झाड मोठं असेल तर राहू द्या, थोडी पानं जातील आणि फुलपाखरू मिळेल. रोप हातभर असेल तर उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

दोडका, कारलं, भोपळा बोटभर होऊन पिवळा पडला आणि कापल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर फळमाशी. फळ धरलं की लगेच कागदी किंवा जाळीची पिशवी बांधा. गळलेली फळं तशीच पडू न देता हातभर खोल पुरा. वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूर, आणि आंबा-पेरूसाठी मिथाइल युजेनॉल या गंधाच्या आमिषाचा सापळा मिळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा फळबागांत पुष्कळ वापरला जातो. सापळ्यात नरच येतात, म्हणून पिशवी बांधायचा आळस करू नका.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी रोपं रातोरात फस्त करतात. मीठ टाकू नका, माती बिघडते. संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांजवळ पसरा, सकाळी त्याखाली सगळ्या जमलेल्या असतात. हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने उचलू नका, माणसाला बाधणारे कृमी त्यांच्यात असू शकतात.

औषध वापरायचंच झालं तर

डब्यावरचा चौकोन पाहा, त्यातल्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. घरासाठी आणि कुंड्यांसाठी लाल-पिवळ्याला हात लावू नका. शेतासाठीचं औषध "थोडंसं द्या" म्हणून कागदात बांधून आणू नका. डायक्लोरव्हॉस, ज्याचा उग्र वास अनेकांना जुन्या पेस्ट कंट्रोलवरून आठवत असेल, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणी अजून देऊ केलं तर नको म्हणा.

पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून फवारा मारा. कुंड्या चार असल्या तरी हे करायचंच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती माणसं आयुष्यभर शेती केलेली होती. आपल्याला तर सवयही नाही.

घरात फवारणी असेल तेव्हा माशांची टाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद करा. मांजरांना काही औषधं फार बाधतात, त्यांना दिवसभर दुसरीकडे ठेवा. भाजीवर मारलेल्या औषधाचं तोडणीपर्यंतचं अंतर लेबलवर लिहिलेलं असतं, ते काटेकोर पाळा. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

उंदरांसाठी मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका, विशेषतः मुलं किंवा मनाने खचलेलं कोणी घरात असेल तर. ती पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस ठीक वाटू शकतो, आणि मग यकृत निकामी होतं. तिला उतारा नाही. म्हणून कोणतंही कीटकनाशक किंवा उंदराचं औषध पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी "बरं वाटतंय" म्हणून थांबू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, दूध किंवा तूप पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, आणि निघताना ती बाटली किंवा तो डबा लेबलासकट बरोबर घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, कारण एका औषधावरचा उपचार दुसऱ्याला चालत नाही.